समुद्री शैवाल आणि हाडांची झीज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हाडांची घनता मोजून घेतली आणि अहवालात उणे चिन्ह लावलेला आकडा दिसला, की पुढचे काही दिवस माणूस जिना उतरतानाही कठडा घट्ट धरतो. नेमकं त्याच दिवसांत कुणीतरी शैवालाच्या गोळ्यांची जाहिरात पाठवतं. माझ्या मावशीच्या बाबतीत असंच झालं. तिने विचारलेले प्रश्न आणि नंतर इतरांकडून आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. शैवालातल्या द्रव्यांबद्दल मला मनापासून कुतूहल आहे. पण धास्तावलेल्या माणसाला त्यांच्या नावावर काहीही विकलं जावं, हे मला पटत नाही. म्हणून उत्तरं जरा सविस्तर दिली आहेत.

समुद्री शैवाल म्हणजे नेमकं काय? सगळी शैवालं सारखीच का?

अजिबात नाहीत. रंगावरून त्यांचे तीन मोठे गट पडतात: तपकिरी, तांबडं आणि हिरवं. हे गट एकमेकांपासून इतके दूरचे आहेत, की तपकिरी शैवालाचं जमिनीवरच्या झाडांशी जवळचं नातंही लागत नाही. त्यामुळे ‘शैवाल हाडांना चांगलं’ हे विधान ‘पानं औषधी असतात’ म्हणण्याइतकंच मोघम आहे. कोणतं शैवाल आणि त्यातलं कोणतं द्रव्य, हे आधी विचारायला हवं.

हाडांच्या संदर्भात तीन द्रव्यांची नावं पुन्हा पुन्हा येतात आणि तिन्ही तपकिरी शैवालातली आहेत. फ्युकॉयडान ही गंधकयुक्त, लांबलचक साखळीची शर्करा. स्वीडनच्या हॅराल्ड किलिन यांनी ती १९१३ मध्ये पहिल्यांदा वेगळी केली. फ्युकोझँथिन हे गाजरातल्या कॅरोटिनच्या कुळातलं रंगद्रव्य, शैवालाला तपकिरी छटा येते ती त्याच्यामुळे. तिसरा गट फ्लोरोटॅनिनचा. डायकॉल हे त्यातलं बऱ्यापैकी अभ्यासलेलं द्रव्य, एक्लोनिया कावा या शैवालात सापडणारं. तांबड्या शैवालाची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे मुद्दा कॅल्शियमचा असतो. तो पुढे येईल.

हाडं झिजतात म्हणजे आत काय घडतं?

हाड बाहेरून दगडासारखं दिसलं तरी आत अखंड दुरुस्ती चालू असते. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जुनं हाड विरघळवून खड्डा पाडतात आणि ऑस्टिओब्लास्ट पेशी तो खड्डा नव्या हाडाने भरून काढतात. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दरवर्षी असा नव्याने बांधला जातो. तिशीच्या आसपास हाडांचा साठा सर्वांत जास्त असतो. त्यानंतर खोदकाम थोडं पुढे आणि भराव थोडा मागे, असं व्हायला लागतं.

स्त्रियांमध्ये पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं आणि हा तोल एकदम ढळतो. त्यानंतरच्या पाच ते सात वर्षांत काही जणींच्या हाडांची घनता २० टक्क्यांपर्यंत उतरू शकते. हे सगळं निमूटपणे चालतं. दुखत नाही, सुजत नाही. मनगट, मणका किंवा खुबा मोडतो तेव्हाच कळतं.

इथे एक नाव लक्षात ठेवायला हवं: रँकल. ऑस्टिओब्लास्टच्या कुळातल्या पेशी हे प्रथिन तयार करतात. ते मिळालं की कोवळ्या पेशींचं रूपांतर हाड खाणाऱ्या पेशींत होतं. शरीरातच त्याला आवर घालणारं दुसरं प्रथिन असतं, ऑस्टिओप्रोटेजेरिन. या दोघांचं प्रमाण बिघडलं की झीज वाढते. शैवालावरचं बरंचसं संशोधन या रँकलभोवतीच फिरतं.

मग शैवालातली द्रव्यं नक्की काय करतात?

प्रयोगशाळेत त्यांनी जे करून दाखवलंय ते लक्षवेधी आहे, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं.

उंदराच्या एका ठरावीक जातीच्या पेशींना रँकल दिलं की त्या ऑस्टिओक्लास्ट बनू लागतात. याच पेशींना सोबत फ्युकोझँथिन दिल्यावर रूपांतर मंदावलं आणि तयार झालेल्या कित्येक हाड खाणाऱ्या पेशी स्वतःहून मरून गेल्या, असं २०१० मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं. हाड घडवणाऱ्या पेशींना मात्र तेवढी इजा झाली नाही. दोन्ही पेशी एकदम मारणारं द्रव्य हाडांचं औषध होत नाही, म्हणून हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

फ्युकॉयडान भरावाच्या बाजूने काम करताना दिसतं. माणसाच्या मूळपेशींना ते दिल्यावर त्या हाड घडवणाऱ्या पेशींच्या वाटेला लागतात, अल्कलाइन फॉस्फटेझसारखी त्यांची खुणेची द्रव्यं वाढतात आणि खनिज साचायला लागतं. फ्लोरोटॅनिनचा भर दाह आणि ऑक्सिडीकरणाचा ताण कमी करण्यावर आहे. दाहाची रसायनं रँकलला बळ देतात, त्यामुळे दाह उतरला की खोदकामही उतरावं, असा तर्क.

पेशींनंतरची पायरी प्राण्यांची. अंडाशयं काढून टाकलेली उंदरीण हा पाळी गेलेल्या स्त्रीच्या हाडांचा ठरलेला नमुना मानला जातो. तपकिरी शैवालाचे अर्क दिल्यावर अशा प्राण्यांत झीज कमी झाल्याचे अहवाल आहेत. सरगॅसम होर्नेरी या शैवालाच्या अर्काने उंदरांच्या मांडीच्या हाडातलं कॅल्शियम वाढल्याचंही जपानमध्ये नोंदलं गेलंय.

म्हणजे माणसांतही उपयोग होतो असं म्हणायचं का?

नाही. बशीतल्या पेशीपासून माणसाच्या खुब्यापर्यंतची वाट फार लांब आहे, आणि ती कुठे कुठे अडते हे कळलं तर पुढची प्रत्येक जाहिरात तुम्हाला वेगळ्या नजरेने वाचता येईल.

पहिला अडसर आतड्याचा. फ्युकॉयडानचा रेणू भलामोठा असतो, आतड्याच्या भिंतीतून तो अगदी थोडा पार होतो. बशीत पेशींवर थेट ओतलेलं प्रमाण गोळी गिळून रक्तात येणं जवळपास अशक्य आहे. फ्युकोझँथिनची अडचण निराळी. ते पचताना बदलतं, त्याचं फ्युकोझँथिनॉल होतं, आणि माणसाच्या रक्तात तेही थोडंच पोचतं. त्यामुळे बशीत मूळ फ्युकोझँथिन वापरून आलेला निष्कर्ष शरीरात ज्या द्रव्याची गाठ पडते त्याचा नसतोच.

दुसरा अडसर मात्रेचा. समजा, प्रयोगात उंदराला (म्हणजे प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदराला) किलोमागे १०० मिलिग्रॅम अर्क दिला. माणसाची तुल्य मात्रा काढायला या आकड्याला साधारण ६.२ ने भागतात. म्हणजे किलोमागे सुमारे १६ मिलिग्रॅम, आणि ६० किलो वजनाच्या बाईला रोज जवळपास एक ग्रॅम शुद्ध अर्क. हातातल्या डबीवरचा आकडा याच्याशी ताडून पाहा. ‘संशोधनाने सिद्ध’ या शब्दांमागची मात्रा आणि गोळीतली मात्रा यांचा बहुतेकदा मेळच बसत नाही.

तिसरा अडसर सर्वांत मोठा. हाडांच्या औषधाला शेवटी एकाच प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं: हाडं मोडण्याचं प्रमाण कमी झालं का? तपकिरी शैवालाच्या या द्रव्यांबद्दल असं उत्तर देणारी मोठी मानवी चाचणी झालेली नाही.

पण घनता वाढली तर हाड मजबूतच होणार ना?

असंच सगळ्यांना वाटत होतं. मग फ्लोराइडची चाचणी झाली.

१९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अमेरिकी चाचणीत ठिसूळ हाडांच्या २०२ स्त्रिया होत्या. चार वर्षं निम्म्या जणींना सोडियम फ्लोराइड दिलं, निम्म्यांना नकली गोळी, आणि कॅल्शियम दोघींनाही. फ्लोराइड घेणाऱ्यांच्या कण्याच्या खालच्या भागाची घनता ३५ टक्क्यांनी वाढली. एवढी वाढ पाहून कुणालाही हर्ष व्हावा. पण मणके मोडण्याचं प्रमाण लक्षणीय घटलं नाही, आणि मणक्यांखेरीज इतर हाडं मोडण्याचं प्रमाण उलट वाढलं. नवं हाड दाट होतं, पण त्याची वीण बिघडलेली होती.

शैवालाच्या बातमीत ‘घनता’ किंवा ‘रक्तातले निदर्शक सुधारले’ असं वाचलं की मला या २०२ जणी आठवतात.

शैवालापासून केलेलं कॅल्शियम साध्या कॅल्शियमपेक्षा सरस आहे का?

इथे आपण तांबड्या शैवालाकडे वळतो. लिथोथॅम्निअन आणि त्याच्या भाईबंदांना चुनखडीचं कवच असतं. ते गोळा करून, धुऊन, दळून ‘वनस्पतिज कॅल्शियम’ म्हणून विकतात. रसायनाच्या भाषेत हे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, सोबत मॅग्नेशियम आणि इतर खनिजं अल्प प्रमाणात. औषधाच्या दुकानातल्या सर्वांत साध्या गोळीतही कॅल्शियम कार्बोनेटच असतं.

याच्या बाजूने काही पुरावा आहे. चरबीयुक्त आहारावर ठेवलेल्या उंदरांच्या माद्यांना या शैवालाचा खनिज अर्क दिल्यावर त्यांच्या हाडांची रचना आणि ताकद बरीच टिकली, असं २०१० मध्ये दिसलं. माणसांवरचीही चाचणी झाली, आणि शैवालाच्या सगळ्या कथेत मला ती सर्वांत मोलाची वाटते. पाळी गेलेल्या ३०० स्त्रिया, दोन वर्षं. एका गटाला शैवालातलं ८०० मिलिग्रॅम कॅल्शियम रोज, दुसऱ्याला तेच कॅल्शियम आणि आतड्यातल्या जिवाणूंना पोसणारे विद्राव्य तंतू, तिसऱ्याला यातलं काहीच नाही. २०१४ मध्ये निकाल आला. एकंदर घनतेत गटागटांत ठळक फरक पडला नाही. मात्र ज्यांची घनता सुरुवातीलाच कमी होती, त्यांच्यापैकी कॅल्शियम आणि तंतू दोन्ही घेणाऱ्यांची घट थोडी कमी राहिली. निकाल प्रामाणिकपणे मांडलेला आहे आणि माफक आहे. डबीवर तो इतक्या माफकपणे सांगितलेला मी कधी वाचला नाही.

कार्बोनेट शोषलं जायला जठरातलं आम्ल लागतं, म्हणून ते जेवणासोबत घ्यावं. आम्लपित्तावर रोजची गोळी चालू असेल तर सायट्रेट प्रकारचं कॅल्शियम बरं पडतं. शैवालाचं लेबल असलं म्हणून यात फरक पडत नाही.

आणि एक गोष्ट हाडांची नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. हे चुनखडीचं शैवाल वर्षाला जेमतेम एखादा मिलिमीटर वाढतं. समुद्रतळावरचे त्याचे थर तयार व्हायला शतकं लागतात आणि माशांची पिल्लं तिथे आसरा घेतात. एकदा खरवडून काढलेला थर आपल्या हयातीत भरून येत नाही.

काही गोळ्यांत स्ट्रॉन्शियमही असतं. ते चांगलं की वाईट?

सावध राहा. स्ट्रॉन्शियम कॅल्शियमच्या जागी हाडात जाऊन बसतं आणि त्याचा अणू जड असल्याने डेक्सा या घनता मोजणाऱ्या तपासणीत हाड प्रत्यक्षात आहे त्याहून दाट भासतं. आकडा सुधारलेला पाहून आनंद होतो, पण त्यातला काही भाग निव्वळ जड अणूंचा असतो. स्ट्रॉन्शियम रॅनेलेट नावाचं औषध युरोपात डॉक्टर लिहून देत असत. हृदयविकाराच्या धोक्यामुळे त्याच्या वापरावर कडक बंधनं आली. डबीतलं स्ट्रॉन्शियम सायट्रेट वेगळ्या क्षाराचं असलं तरी मूलद्रव्य तेच.

गोळ्या नकोत, पण रोज शैवाल खाल्लं तर? ते तर अन्नच आहे.

या प्रश्नाचं उत्तर आयोडीनपासून सुरू होतं. आयोडीनचा शोधच शैवालामुळे लागला: १८११ मध्ये बर्नार्ड कुर्त्वा यांना ते समुद्री शैवालाच्या राखेत सापडलं. समुद्राच्या पाण्यातलं आयोडीन शैवाल स्वतःत साठवून ठेवतं, आणि केल्प किंवा कोंबू या नावांनी ओळखली जाणारी मोठी तपकिरी शैवालं त्यात सर्वांत पुढे आहेत.

मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं. रोज घेता येईल अशी सुरक्षित कमाल मर्यादा युरोपात ६००, तर अमेरिकेत १,१०० मायक्रोग्रॅम धरतात. वेगवेगळी शैवालं तपासली तेव्हा ग्रॅममागे १६ मायक्रोग्रॅमपासून ८,००० मायक्रोग्रॅमच्या वरपर्यंत आयोडीन आढळलं. खालचं टोक नोरीचं, म्हणजे सुशीभोवती गुंडाळतात त्या शैवालाचं, वरचं केल्पच्या दाण्यांचं. वरच्या टोकाचा एक ग्रॅम म्हणजे पन्नासहून अधिक दिवसांची गरज एका चिमटीत.

आता याचा हाडांशी संबंध. जास्तीच्या आयोडीनने काहींचा थायरॉईड मंदावतो, तर काहींचा, विशेषतः गाठी असलेल्यांचा, बेफाम सुटतो. थायरॉईडचं संप्रेरक वाढलं की हाडाचं खोदणं आणि भरणं दोन्ही वेगाने होतात, पण भराव मागे पडतो. एरवी सुमारे २०० दिवसांत पुरं होणारं चक्र जवळपास निम्म्या वेळात उरकतं आणि दर फेरीला थोडं हाड कमी होतं. १८९१ मध्येच फॉन रेकलिंगहाउझेन यांनी अतिक्रियाशील थायरॉईडने दगावलेल्या एका तरुण स्त्रीच्या हाडांचं वर्णन करून ठेवलंय: किड्यांनी पोखरल्यासारखी. हाडं वाचवायला म्हणून सुरू केलेलं केल्प थायरॉईडच्या वाटेने हाडंच पोखरू शकतं. शैवालाच्या हाडांवरील गुणांबद्दल लिहिणारे बहुतेक जण हे वाक्य गाळतात. मला ते सर्वांत आधी लिहावंसं वाटतं.

अधूनमधून, थोडं, कमी आयोडीनचं शैवाल खायला निरोगी माणसाला हरकत नाही. उकळल्यावर केल्पमधलं बरंच आयोडीन पाण्यात उतरतं, पण मग ते पाणी टाकून द्यायला हवं.

आर्सेनिकबद्दल ऐकलं, ते खरं आहे का?

हिजिकी या शैवालाच्या बाबतीत खरं आहे. त्यात असेंद्रिय, म्हणजे घातक रूपातलं, आर्सेनिक जास्त असतं. ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने ते खाऊच नये असा सल्ला दिलाय. इतर बऱ्याच शैवालांत आर्सेनिक मुख्यतः कमी विषारी, सेंद्रिय रूपात असतं.

जपानी लोक पिढ्यान्‌पिढ्या शैवाल खातात. त्यांची हाडं मजबूत असतात ना?

खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण तिथे पाश्चात्त्य गोऱ्या लोकांपेक्षा कमी आहे. पण मणके मोडण्याच्या बाबतीत तसा फायदा दिसत नाही. शैवालच कारण असतं तर त्याने खुबा राखला आणि मणका सोडला, असं का व्हावं? शिवाय मासे, सोयाबीन, चालण्याची सवय, खुब्याच्या हाडाची ठेवण, असं बरंच काही निराळं आहे. त्यातून एकट्या शैवालाला श्रेय काढून देता येत नाही.

कुणी मुळीच घेऊ नये?

थायरॉईडचा कुठलाही त्रास असलेल्यांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी केल्पच्या गोळ्या टाळाव्यात. मुलांनाही देऊ नयेत. मूत्रपिंडाचा आजार असेल तर खनिजांच्या अतिरिक्त भारामुळे आधी विचारणं भाग आहे.

रक्त पातळ करणाऱ्या औषधांवर असलेल्यांसाठी दोन वेगळे धोके आहेत आणि ते उलट दिशांनी ओढतात. फ्युकॉयडानची रचना हेपारिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाच्या वळणाची असल्याने ते रक्त गोठू देत नाही. उलट काही शैवालांत जीवनसत्त्व के असतं, जे वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा परिणाम कमी करतं. मात्रा जमवून बसवलेली असताना असा खेळ नको.

डॉक्टरांनी दिलेली गोळी सोडून शैवालावर राहू का? गोळीच्या दुष्परिणामांची भीती वाटते.

भीती समजते, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. तरी दोन्हींचा पुरावा शेजारी ठेवून पाहा. ॲलेन्ड्रोनेट या हाडांची झीज रोखणाऱ्या गोळीची १९९६ सालची मोठी चाचणी आधीच मणका मोडलेल्या २,०२७ स्त्रियांवर झाली. नवा मणका मोडण्याचं प्रमाण नकली गोळीवर १५ टक्के होतं, औषधावर ८ टक्के. खुबा मोडण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. तिथे मोजली गेली ती खरोखर मोडलेली हाडं. शैवालाच्या पारड्यात टाकायला असं काही नाही.

जबड्याच्या किंवा मांडीच्या हाडाच्या दुर्मीळ दुष्परिणामांबद्दल ऐकलं असेल तर डॉक्टरांशी नीट बोला. औषधाला मध्ये विराम देता येतो का, दुसरं औषध चालेल का, हे विचारा. डेनोसुमॅब या हाडांच्या औषधाचं इंजेक्शन मात्र परस्पर कधीही थांबवू नका. ते रँकललाच अडवतं, आणि थांबवल्यावर झीज उसळून वर येते, काहींचे एकामागून एक मणके मोडतात.

मग या संशोधनाचा काहीच उपयोग नाही का?

आहे, फक्त गोळीच्या दिशेने नाही, असं माझं मत. अल्जिनेट हे तपकिरी शैवालातलं द्रव्य १८८१ मध्ये ई. सी. सी. स्टॅनफर्ड यांनी वेगळं केलं. दाताचा साचा घेताना तोंडात जो मऊ लगदा घट्ट होतो, तो बहुधा त्याचाच असतो. कॅल्शियमशी गाठ पडली की अल्जिनेटची जेली बनते. या जेलीचा मांडव करून त्यात हाड घडवणाऱ्या पेशी रुजवायच्या आणि मोडलेल्या किंवा काढून टाकलेल्या हाडाची पोकळी भरायची, यावर जोमाने काम चालू आहे. फ्युकॉयडान या मांडवात मिसळूनही पाहतात.

इथे आतड्याचा अडसरच उरत नाही. द्रव्य हवं त्या जागी, हव्या त्या प्रमाणात ठेवता येतं, म्हणजे बशीतल्या प्रयोगाच्या बरंच जवळ जाता येतं. शैवालाच्या या शाखेकडून मला खरी आशा आहे.

एवढं वाचूनही घ्यावंसं वाटलं तर?

मग डबीवर शैवालाचं पूर्ण शास्त्रीय नाव आहे का ते बघा, नुसतं ‘समुद्री अर्क’ नको. गोळीमागे आयोडीन किती मायक्रोग्रॅम, हा आकडा छापलेला नसेल तर डबी परत ठेवा. शिसं, कॅडमियम, आर्सेनिक यांची तपासणी तिसऱ्या, स्वतंत्र प्रयोगशाळेकडून झाली आहे का ते पाहा. कॅल्शियमची गोळी असेल तर आहारातून मिळणारं कॅल्शियमही हिशेबात धरा, कारण पन्नाशीनंतरची गरज साधारण १,२०० मिलिग्रॅम आहे आणि ती बऱ्याच अंशी ताटातूनच भागू शकते.

डॉक्टरांना सांगायला संकोच वाटतो. ते रागावतील का?

मावशीलाही हीच धास्ती होती. तिने शेवटी डबीच पिशवीत घालून नेली आणि टेबलावर ठेवली, बोलावं काही लागलंच नाही. तुम्हीही डबी न्या, सोबत चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी न्या. केल्प आधीच काही आठवडे घेतलं असेल तर टीएसएच ही थायरॉईडची तपासणी करून घ्यावी का ते विचारा. आणि गोळीत स्ट्रॉन्शियम असेल तर पुढच्या डेक्साच्या वेळी ते कधीपासून आणि किती घेतलं हे तंत्रज्ञाला आधी सांगा, म्हणजे अहवालावर तशी नोंद होईल.